चमचाभर साखर

९ जानेवारी

ताई,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू पत्र फोडणार नाहीस, म्हणून पत्ता ऑफिसातून टाइप करून घेतला आहे. एवढी लबाडी खपवून घे.

काम असं आहे की आमच्या प्रयोगशाळेत मधुनाशिनीवर काम चालू आहे. हो, तीच. कागदोपत्री तिला लांबलचक लॅटिन नाव आहे, पण आपल्या घरात तिला कधी कोणी नावाने हाक मारली नाही, ती नुसती 'वेल'. मधुमेहावर तिचा खरंच उपयोग होतो की लोक उगाच शतकानुशतकं तोंड वाकडं करून पानं चावत आले, हे आम्हाला नीट तपासायचं आहे. त्यासाठी आधी पानं खात्रीची हवीत. व्यापारी पाठवतो त्या पोत्यात निम्मा पाला भलताच निघतो. आमच्या विभागप्रमुख बाई परवा म्हणाल्या, एका जागची, एका हातची पानं कुठे मिळतील का? माझ्या बहिणीच्या कुंपणावर आहेत, असं माझ्या तोंडून निघून गेलं. निघाल्यावर जीभ चावली, पण बाईंनी तोवर लिहून घेतलं होतं.

तर पानं पाठवशील का? सावलीत वाळवलेली, देठ काढलेली. रीतसर पोच मिळेल. हे समेटाचं पत्र समजू नकोस. आई गेल्यावर आपण एकमेकींना जे बोललो त्यातलं मी काही मागे घेतलेलं नाही, तूही घेतलं नसशील.

तुला आठवतं का, लहानपणी तू मला वेलीचं पान चावायला लावलंस आणि वर साखरेचा खडा दिलास? मला तो वाळूच्या खड्यासारखा लागला. ताईने मला माती खायला घातली म्हणून मी घर डोक्यावर घेतलं होतं. आई हसत होती. म्हणाली, टाचणे, साखर साखरच आहे, तुझ्या जिभेला कळत नाहीये एवढंच.

असो. पानांचं कळव.

टाचणी

२ फेब्रुवारी

ताई,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, तरी टपाल आलं की मान वर होते. सवय वाईट.

व्यापाऱ्याच्याच पाल्यातून चांगली पानं वेचून काम सुरू केलं आहे. मी अर्क काढते, कॅप्सूल भरते आणि माणसं कमी पडली की वॉर्डात जाऊन स्वयंसेवकांची बोटं टोचते. लहानपणी सगळ्यांना टोचून बोलायचे म्हणून तुम्ही टाचणी नाव ठेवलंत, आता त्याचा पगार मिळतो.

निम्म्या लोकांना खऱ्या कॅप्सूल, निम्म्यांना खोट्या. कोणाला कुठल्या, हे त्यांनाही माहीत नाही आणि आम्हालाही नाही. पण एक निवृत्त मास्तर आहेत, आम्ही त्यांना गुप्तहेर म्हणतो. त्यांनी घरी जाऊन कॅप्सूल फोडली, भुकटी जिभेवर पसरली आणि वर चिमूटभर साखर टाकून पाहिली. दुसऱ्या दिवशी छाती फुगवून आले आणि म्हणाले, मला खरी मिळाली आहे, साखर लागलीच नाही. बाईंनी त्यांना अभ्यासातून काढलं. बिचारे इतके हिरमुसले की मलाच वाईट वाटलं. तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

मामाचा फोन आला होता. तो मुद्दाम सांगत नाही, पण त्याच्या पोटात काही राहत नाही हे तुला ठाऊकच आहे. तुलाही साखर निघाली म्हणाला. आईची मोठी मुलगी, आईसारखीच. वेलीचा काढा घेतेयस असंही कळलं. यावर मी काही बोलणार नव्हते आणि बोलत नाहीये.

एक गोष्ट मात्र सांगते, कारण दुसरं कोणाला सांगितली तर माझी नोकरी जाईल. इथे आई येते. भूतबीत मी मानत नाही, हे तुला माहीत आहे. अर्क उकळताना मी काचेच्या कांडीने ढवळते. कांडी भांड्याला लागते तेव्हा कपात चमचा फिरवल्यासारखा आवाज होतो. भर दुपारी, सगळे आजूबाजूला असताना, त्या आवाजाबरोबर ती मागून विचारते, "घातलीस का?" मी वळत नाही. वळून पाहिलं तर ती नसेल आणि मला ते नको आहे.

टाचणी

६ मार्च

ताई,

पानं मिळाली. चिठ्ठी नाही, नाव नाही, पण सुतळीची गाठ तुझी. असली दुहेरी गाठ घालून घरातल्या सगळ्यांच्या नाकी नऊ आणणारी दुसरी कोण आहे? मी ती कापली नाही, बसून सोडवली.

पानं एकदम उत्तम आहेत. एकही भलतं पान नाही. बाईंनी मूठभर हातात घेऊन वास घेतला आणि म्हणाल्या, तुमची बहीण नीट माणूस दिसते. मी हो म्हटलं.

काल तुझ्या पानांची पहिली मोठी खेप उकळली. प्रयोगशाळा आपल्या स्वयंपाकघरासारखी वासाने भरून गेली आणि मला बाहेर जिन्यात जाऊन बसावं लागलं. आईचं शेवटचं वर्ष डोळ्यांपुढे आलं: तुझं पातेलं गॅसवर, शेजारी माझी दुकानातून आणलेली गोळ्यांची पाकिटं, मध्ये स्टुलावर आई. तू म्हणायचीस, गोळ्या बंद कर, वेल पुरे. मी म्हणायचे, काढा बंद कर, पाल्याने कोणी बरं होत नाही. ती दोघींनाही मान डोलवायची. वर्षभर आपण तिच्या जिवावर तलवारबाजी केली आणि आपण तिची काळजी घेतो आहोत असं समजत होतो.

तुला कधी सांगितलं नाही ते आता सांगते. मला ती हळूच म्हणाली होती, "तिचा काढा मी बेसिनात ओतून देते, तिला बोलू नकोस." मी खूश झाले. तुझ्यावर मात केल्यासारखं वाटलं. म्हणून तर ती गेली तेव्हा मला धक्का बसला, आणि मग मी मनाशी धरलं की तिने शेवटी तुझं ऐकून गोळ्या सोडल्या असणार. "तू आईला पाला खाऊ घालून मारलंस," हे मी त्या हिशेबाने बोलले होते. तू मला जे म्हणालीस, की माझ्या गोळ्यांनी तिला आतून पोखरलं, ते तू कुठल्या हिशेबाने म्हणालीस, मला अजून कळलेलं नाही.

आमच्याकडची सफाईवाली मावशी माझ्यावर चिडली आहे. उरलेला काढा मी रोज बेसिनमध्ये ओतते, त्याचा तपकिरी हिरवा डाग पडला आहे आणि तो कशानेच निघत नाही. तिने घासून घासून हात टेकले. आज सकाळी म्हणाली, हे बेसिन आता जन्माचं बाटलं.

 आपल्या घरातलं बेसिन पांढरंशुभ्र होतं, ताई. आई गेल्यावर मीच तिथे तोंड धुतलं होतं. एकही डाग नव्हता.

याचा अर्थ काय लावायचा, मला अजून कळत नाही. किंवा कळतो आहे आणि नको आहे.

टाचणी

१४ मे

ताई,

हे पत्र तरी वाच. बाकीची फाडून टाकली असशील तरी चालेल.

वॉर्डात एक शालवाल्या बाई आहेत. आईच्या वयाच्या. कितीही उकडत असलं तरी खांद्यावर शाल, आणि कोणाशीही वाकडा शब्द नाही. या अभ्यासात येणाऱ्यांनी तेवढ्या काळापुरत्या नेहमीच्या गोळ्या बंद ठेवायच्या असतात, डॉक्टरांच्या नजरेखाली. बाईंनीही बंद ठेवल्या होत्या, असं त्या सांगत होत्या.

काल सकाळी त्यांचं बोट मीच टोचलं. आकडा इतका छान आला की मी त्यांचं कौतुक केलं. दुपारी जेवण यायला उशीर झाला. मी सहज त्यांच्या खाटेपाशी गेले तर त्यांना दरदरून घाम सुटला होता. शाल फेकून दिली होती. माझ्यावर खेकसल्या. आयुष्यात कोणावर खेकसल्या नसतील अशी बाई. मग कपाटाकडे बघून म्हणाल्या, तिला बसायला दे, ती कधीची उभी आहे. तिथे कोणी नव्हतं. आणि मग अगदी लहान पोरीसारखा आवाज काढून म्हणाल्या, "मला गोड दे ना काहीतरी."



परिचारिका धावत आली. तिने मला ढकललं, साखरेचा डबा उघडला, चमचाभर साखर पाण्यात विरघळवून हळूहळू बाईंच्या तोंडात घातली. मग आणखी चमचाभर. थोड्या वेळाने बाई उठून बसल्या, शाल शोधली, खांद्यावर घेतली आणि आम्हा सगळ्यांकडे बघून म्हणाल्या, काय झालं, तुम्ही सगळे असे का उभे आहात?

एवढंच. ताई, एवढंच लागत होतं.

कोणाला कुठल्या कॅप्सूल दिल्या ते बंद पाकिटात लिहून ठेवलेलं असतं, डॉक्टरांनी बाईंचं पाकीट फोडून पाहिलं. खऱ्या कॅप्सूल होत्या, तुझ्या पानांच्या. आणि त्यांच्या पिशवीत नेहमीच्या गोळ्या सापडल्या, त्यातल्या बऱ्याच संपलेल्या. डॉक्टर रागावले, म्हणाले दोन्ही मिळून साखर पार खाली गेली. बाई खाली मान घालून म्हणाल्या, "सुनेने बजावलं होतं की गोळी चुकवायची नाही. तुम्ही सांगितलं कॅप्सूल घ्या. कोणाला दुखवू? दोघांचंही मन राखलं."

आता तू तो दिवस आठव. सकाळी आपण आईचं बोट टोचलं होतं. आकडा छान आला. तू पातेल्याकडे बघून हसलीस, मी पाकिटाकडे बघून. आपण दोघी मनातल्या मनात जिंकलो, म्हणून संध्याकाळी कोणीच पुन्हा टोचलं नाही. तिला घाम आला, आपण पंखा लावला. ती चिडली, आपण म्हटलं वयाने होतं. ती दाराकडे बघून कोणाला तरी आत बोलावत होती, आपण एकमेकींकडे बघितलं आणि गप्प बसलो. मग तिने चहा मागितला. म्हणाली, "साखर घालून दे. चमचाभर घाल."

तू म्हणालीस, वेलीने जिभेवरची गोडी गेली आहे, म्हणून मन मागतंय, द्यायचं नाही. मी म्हटलं, पथ्य मोडायचं नाही. वर्षभरात त्या घरात आपलं एकाच गोष्टीवर एकमत झालं, आणि ते त्या चमच्यावर. तिने बिनसाखरेचा चहा हातात घेतला, एक घोट प्यायली आणि विचारलं, "घातलीस का?" आपण दोघी एकदम हो म्हणालो. ती कूस वळवून झोपली.

ती त्या झोपेतून उठली नाही. डॉक्टर हृदय म्हणाले, वय म्हणाले, आपण दोघींनी एकमेकींची नावं घेतली. साखर वाढून गेली असंच मी धरून चालले. कमी झाली असेल हे डोक्यातसुद्धा आलं नाही. कशी कमी होणार, तुझा काढा तर ती ओतून देत होती ना.

बेसिन पांढरं होतं, ताई. ती ओतत नव्हती. ती पीत होती, रोज, शेवटच्या थेंबापर्यंत. माझ्या गोळ्याही घेत होती का, ते मला माहीत नाही. तिची खोली तू आवरलीस. गोळ्यांबद्दल ती तुला काय सांगायची? आणि उशीखाली, डब्यात, कुठे काही सापडलं होतं का? मला हे कळायला हवं.

एका माणसावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे मीच सगळ्यांना ऐकवत असते. पण मी हे लिहीत असताना आई समोरच्या खुर्चीवर बसली आहे आणि तिचा कप रिकामा आहे.

टाचणी

१५ मे

(उघडं कार्ड. पोस्टमनदादा, तुम्ही वाचलंत तरी चालेल, पण तिला मोठ्याने वाचून दाखवा.)

ताई, मामा आत्ता फोनवर म्हणाला की तू हल्ली डॉक्टरांच्या गोळ्याही घेतेस आणि काढाही. तो खुशीत सांगत होता की ताई समजूतदार झाली, दोन्ही करते. दोन्ही एकत्र घेऊ नकोस. आजच डॉक्टरांकडे जा आणि काढ्याबद्दल खरं सांग. तोवर साखर जवळ ठेव. घाम आला, हात थरथरले, उगाच राग आला तर आधी साखर खा, मग माझ्यावर रागव. पान चावलेलं असेल तर ती गोड लागणार नाही. तरी गिळ. टा.

२७ मे

ताई,

कार्ड मिळालं का? मामाला पुन्हा फोन केला. तुमच्या भांडणात मला ओढू नका म्हणाला आणि ठेवून दिला. त्याला वाटतंय मी अजून तुझ्या काढ्यावरच घसरतेय. त्याला समजावता समजावता माझा आवाज चढला, मग तो जास्तच ऐकेनासा झाला. तुझा नंबर मी रोज फिरवते. वाजतो आणि थांबतो.

रजा मागितली आहे. शालवाल्या बाईंच्या प्रकारामुळे चौकशी चालू आहे, त्यामुळे आमच्या विभागप्रमुख बाई म्हणतात ती संपेपर्यंत हलू नका. मी त्यांना सांगितलं की माझ्या बहिणीच्या जिवाचा प्रश्न आहे. त्यांनी विचारलं, बहिणीशी शेवटचं कधी बोललात? 

मी भांड्यात कांडी फिरवायची बंद केली आहे. लाकडी काठी घेतली, तिचा आवाज होत नाही. तर आई आता आवाजाशिवायच येते. काही विचारत नाही, नुसती दाराकडे बघते. त्या संध्याकाळी बघत होती तशी. ती तुला तर बोलवत नाही ना? मला तू हवी आहेस. भांडायला हवी आहेस, न बोलायला हवी आहेस, पण हवी आहेस. पुढच्या शुक्रवारी कोणी हो म्हणो वा नको, मी निघतेय.

टाचणी

९ जून

ताई,

घरी पोचले. माझ्या पिशवीत तू गुपचूप कोंबलेला टॉवेल सापडला. तो माझाच होता, म्हणजे एवढी वर्षं तू तो जपून ठेवलास, आणि मी तुला दुष्ट म्हणत होते.

तुझ्यासमोर बसून बोलायचं ठरवून आले होते आणि आपण दोघी दोन दिवस भांडी घासणं, पडदे धुणं आणि मामाची नक्कल करणं यापलीकडे गेलो नाही. जे बोलायचं ते तू शेवटी बसस्टँडवर कागदावर लिहून माझ्या हातात दिलंस. आपल्या घराण्याला तोंड दिलंय ते फक्त भांडायला. तुझा तो कागद गाडीत वाचला. उतरेपर्यंत पुन्हा पुन्हा वाचला. शेजारच्या माणसाने शेवटी विचारलं, वाईट बातमी आहे का? मी म्हटलं, वाईटही आणि चांगलीही.

तू लिहिलंस, टाइप केलेल्या पत्त्याला फसून पहिलं पत्र तेवढं फोडलंस, बाकीची न फोडता पिठाच्या डब्यामागे ठेवली होतीस. कार्ड उघडं असल्यामुळे नाइलाजाने वाचलंस, आणि मग एका बैठकीत सगळी फोडलीस.

तू लिहिलंस, आई तुला सांगायची की टाचणीच्या गोळ्या मी उशीखाली लपवते, तिला बोलू नकोस. आणि खोली आवरताना उशीखाली एकही गोळी नव्हती, नुसती रिकामी पाकिटं होती. तुला तेव्हाच कळलं की ती माझ्या गोळ्या घेत होती. म्हणजे तुझा काढा ओतून देत असणार, तिचा तुझ्यावर भरवसाच नव्हता, असं तुला वाटलं. आणि ते तू मला कुठल्या तोंडाने सांगणार होतीस? म्हणून गोळ्यांनी पोखरलं असं म्हणून मोकळी झालीस, आणि माझ्या शिव्या ऐकून घेतल्यास.

आपल्या दोघींकडे अर्धं अर्धं होतं, ताई. माझ्याकडे पांढरं बेसिन, तुझ्याकडे रिकामी पाकिटं. आपण एकदा समोरासमोर बसलो असतो तरी पुरे होतं. आईने आपल्या दोघींशीही खोटं बोलून दोघींचंही ऐकलं. तिचा भरवसा दोघींवर होता. आपलं औषध चुकीचं नव्हतं, तुझंही नाही, माझंही नाही. हे कळल्यावर बरं वाटायला हवं होतं. मला नाही वाटलं. तुलाही नसेल वाटलं.

आणि मग तुझ्या कागदाच्या मागच्या बाजूचं. ते तू मला तोंडाने सांगितलं असतंस तर मी तिथेच खाली बसले असते, म्हणून लिहिलंस, बरं केलंस. कार्ड आल्यावर डॉक्टरांकडे उद्या जाऊ म्हणालीस. तू आणि तुझं उद्या. त्याच संध्याकाळी कुंपणापाशी पानं खुडताना तुझे हात थरथरायला लागले, घामाने पदर भिजला आणि वेलीचाच राग आला, ती उपटून टाकावीशी वाटली. तोंडात पान होतं. पदराच्या गाठीत माझ्या सांगण्यावरून साखर बांधली होती. ती तोंडात टाकलीस.

तुझं वाक्य तसंच लिहिते. "गोड लागली नाही, टाचणे. वाळू लागली. तरी गिळली, तू म्हणालीस म्हणून."

आता काढा बंद आहे आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं आहेस, हे मी त्यांच्या तोंडून ऐकून आले आहे, तुझ्या नाही. रागावू नकोस. आपल्याकडे बायका मन राखायला फार पटकन खोटं बोलतात.

आज कामावर गेले. लाकडी काठी ठेवून दिली आणि कपाटातून काचेची कांडी काढली. तुझ्या पानांची शेवटची खेप होती. उकळी आली, कांडी भांड्याला लागली, आणि मागून तिने विचारलं, "घातलीस का?"

या वेळी मी वळले. स्टूल रिकामं होतं, सफाईवाली मावशी बेसिन घासत होती. तिच्यासमोरच मी म्हटलं, "घातली, आई. ताईने गिळली."

तुझी
टाचणी